ओव्याचा शेक

११ जानेवारी, किहीम
आले एकदाची! समोर माड, मागे विहीर, आणि तीन आठवडे कुणी मला तपासणार नाही. कॅन्सरने नेलेल्या स्तनाच्या जागी डॉक्टरांनी सिलिकॉनचा नवा बसवलाय. ब्लाउज पुन्हा दोन्हीकडे सारखा भरतो, एवढ्यावरच मी दिवसभर खूश आहे. घर यशोधनच्या मित्राचं. नवरोबा शनिवारच्या बोटीने येतील. तोवर घर सांभाळणारी काशीबाई हीच माझी सासू.

१३ जानेवारी
सासूने ताबा घेतलाय. मला ओल्या बाळंतिणीसारखं जपायला हवं म्हणे. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, आणि तापवलेल्या फडक्याचा शेक. तीन सुना तिने अशाच उभ्या केल्या. पाठ मोकळी झाली. नव्या स्तनाला मात्र काहीच कळलं नाही, तिथली कातडी ऑपरेशनपासून बधिर आहे. चटका बसतोय का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मग तिने फडकं आणखी तापवलं.

१५ जानेवारी
लाली आलीय. काशीबाई म्हणते, रक्त फिरायला लागलं. मी पटवून घेतलं. संध्याकाळी हॉस्पिटलचा कागद काढला. गरम काहीही लावू नये, आठवी ओळ. लाली किंवा ताप आल्यास लगेच फोन करा, नववी. फोन केला तर हा नवा स्तन काढतील. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर असलेल्या मृणालीचा काढलाच होता. पुन्हा सपाट व्हायचं नाही मला.

१६ जानेवारी
फोड. मधोमध टिकलीएवढा काळा डाग. शेक बंद केला, काशीबाई खट्टू झाली. ताप एकशे एक. यशोधनला सांगितलं, सगळं छान आहे, उद्या येऊ नकोस.

१७ जानेवारी
डाग तळहाताएवढा. वास येतो. चहा आणताना काशीबाईने पदर नाकाला लावला. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान—

१८ जानेवारी, सकाळ
डाग फाटला. आत काहीतरी चकचकीत दिसतंय. ते मी नाही. काशीबाई रडतेय, म्हणते, वहिनी, भाजतंय म्हणायचं व्हतं.

दुपार
डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. आजच काढायचा, आधी जीव, म्हणाले. काढा म्हटलं. अलिबागहून गाडी निघालीय. यशोधनही निघाला. थंडी— दात वाजतायत. काशीबाई म्हणते, मघापासून ती माझा डावा हात चोळतेय. बघितलं. खरंच चोळतेय. नखं निळी. मला कळलंच नाही. पेन उजव्या हातात आहे, दिसतंय. पण जाणवत ना—