घड्याळामागचं कार्ड

मी, खाली सही करणारा, वय एक्याहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती (आता बंद), गुडघे सोडून बाकी शाबूत, डोकं तर नको तितकं ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. तशी नव्हतीच, पण वकील म्हणाला, लिहा.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, मुलीला. बाळ, न्हाणीघराचा नळ जोरात पिळू नकोस, हातात येतो.

२. पान्यांची पेटी ज्याला रोज लागेल त्याला. जावयाला नको, तो खिळा ठोकायलाही माणूस बोलावतो. शिडी तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडे अकरा वर्षं पडून आहे. ती त्यालाच दिली. निदान जिन्यात मला बघून तोंड लपवायची त्याची कटकट मिटेल.

३. भिंतीवरचं चावीचं घड्याळ कोणालाही देऊ नये. कंपनीने निरोपाला दिलेलं, खाली कोरलंय ‘तीस वर्षं, एकही चूक नाही’. त्याचं मागचं झाकण उघडावं. आत एक पिवळं कार्ड आहे.

असं कार्ड प्रत्येक इमारतीच्या मशीनखोलीत खिळ्याला टांगलेलं असतं. दर सोमवारी लिफ्टचा ब्रेक उघडून बघायचा आणि मगच तारखेपुढे सही करायची. मशीनखोली गच्चीवर, तिथवर लिफ्ट जात नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मी महिन्याच्या चारही सह्या एकदम ठोकायला लागलो. त्या सोमवारी पाळी माझी होती, मी गेलो नाही. मंगळवारी मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझा कामातला जोडीदार, तेल द्यायला वर गेला. त्याने माझी सही बघितली आणि ब्रेक उघडला नाही. दाजींची सही म्हणजे काम झालंच, असं तो मानायचा. दुपारी जिना झाडणारी बाई लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकत असताना लिफ्ट खाली सरकली. बाईचा पाय गेला.

चौकशीच्या आधी मी कार्ड खिशात घातलं आणि साहेबांना म्हणालो, पाळी मेहुण्याची होती. तो ओरडून सांगत होता, “अहो, कार्डावर दाजींची सही होती!” पण कार्ड होतं कुठे? त्याची नोकरी गेली. नवऱ्यावर आळ घेतो म्हणून बायकोने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. शेवटच्या आजारपणातही तिने त्याला दवाखान्यातल्या खोलीत येऊ दिलं नाही. मी तिच्या उशाशी बसून होतो. दोन वाक्यांचं काम होतं. माझं तोंड उघडलं नाही.

लोक मला सरळ माणूस म्हणतात, भांडण झालं की निवाड्याला बोलावतात. मी कोणाचा स्क्रूसुद्धा कधी ढापला नाही, हे खरंच आहे. जन्मात एकदाच चुकलो, असं स्वतःला समजावत आलो. पण छे, घड्याळाला चावी देताना मी ती चूक रोज नव्याने करत होतो. आता फार दमलोय.

४. बँकेत असेल ते सगळं त्या बाईला. भरपाई म्हणून नव्हे, तेवढी माझी ऐपत नाही.

५. मी गेल्यावर ते कार्ड कंपनीत दाखवावं आणि मेहुण्यावरचा डाग पुसावा. त्याला दुसरं काही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतो, आणि साक्षीदार मला तोच हवा.

पुरवणी. निरोप धाडला होता, आज सकाळी मेहुणा आला, सतरा वर्षांनी या घरात. चहा नको म्हणाला. उभ्याउभ्याच सगळं वाचलं, पाचवं कलम दोनदा.

“मेल्यावर खरं बोलणार? तेव्हा तुमचं काय जाणार आहे, दाजी? ताई तर गेली तसंच मनात धरून.”

“मला धीर होत नाही रे,” मी म्हणालो.

“मला तेव्हा कोणी विचारलं होतं, धीर होतो का म्हणून?”

म्हणून पाचवं कलम रद्द. उद्या मी स्वतः कार्ड घेऊन आधी त्या बाईकडे, मग कंपनीत जाणार. मुलीला आत्ताच फोन करून सगळं सांगितलं.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल. बुधवार, तारीख चौदा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: वकिलाचा कारकून (सही)

साक्षीदार दुसरा: मेहुणा. जागा कोरी आहे. मी पेन पुढे केलं, तर म्हणाला, “आधी जाऊन या, मग करतो. न बघता सही करायची सवय तुमची, दाजी. माझी नाही.”