दहा लाख एकला भाग जातो का

४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी जिन्यावरून घसरल्याचं खालच्या इस्त्रीवाल्याने तुला कळवलं. त्याच्या जिभेला हाड नाही. फार काही झालं नाही, शेवटच्या दोन पायऱ्या बसून उतरलो इतकंच.

दुकान बंद केलंच आहेस तर माझ्याकडे राहायला ये, म्हणतेस. अगं, जन्मभर लोकांचे तराजू दुरुस्त केले आणि स्वतःचा तोल सांभाळता येईना, असलं ध्यान घरात घेऊन काय करशील? तरी तुझ्या शब्दाखातर एक पैज. दहा लाख एक हा आकडा घे. एक आणि तो स्वतः सोडून कुठल्यातरी संख्येने त्याला पूर्ण भाग जातो असं दाखव. वळकटी घेऊन येतो. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

तब्येतीला जप.
तुझा हट्टी दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळेत गणितात मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक, म्हणूनच ही पैज ना? कपडे बेतायच्या कागदावर खडूने भागाकार चाललेत. त्या नादात एका गिऱ्हाईकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

तीनने भागलं, बाकी दोन. सातने, अकराने, तेराने, तरी दोनच. आईबाबा गेले, आमचे हेही गेले, बाकी आपण दोघंच, हे आता आकड्यानेही सांगायचं का? दोन आणि तीनने जात नाही तर सहाने भागत बसू नये, हे शहाणपण मला साठीत सुचलं. दुसरा आकडा दे ना.

लोभ असावा, निदान बाकीइतका तरी.
धाकटी

२६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आकडा बदलणार नाही. पण हजाराच्या पुढे जाऊ नकोस. पुढच्या कुणी भागलंच, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच सापडतो. नेटाने चालू ठेव. हल्ली काठी घेतली आहे, पण ती नुसती शोभेला.

दादा

२० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हरले. सत्त्याण्णवपर्यंत आले, बाकी अठ्ठावीस. शंभरी ओलांडायचं बळ नाही. आकडा तुझ्यासारखाच, कुणाला दाद देत नाही.

पुढची खोली आवरून ठेवली होती. तुझ्या हत्यारांसाठी फळीसुद्धा ठोकून घेतली, तीही माझ्यासारखीच तिरकी. शब्द दिलाय, तेव्हा विषय पुन्हा काढणार नाही. रडू आलं, एवढं मात्र लिहिते.

लोभ आहेच.
धाकटी

२३ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं वेडे, सत्त्याण्णववर कुणी थांबतं का? त्याच्या पुढची एकशे एक! मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणालाच दाद न देणारा आकडा हवा असता, तर दहा लाख तीन नसता दिला?

तू ये म्हटल्यावर लगेच येतो म्हणायला जीभ रेटेना, म्हणून आकड्याला पुढे केलं. अगदी सोपा दिला तर तुला कळेल, म्हणून जरा लांबचा निवडला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. वळकटी जूनपासून बांधलेली आहे. रात्री सोडून तिच्यावर झोपतो, सकाळी पुन्हा बांधतो. इस्त्रीवाला हसतो.

एकटं राहवत नाही गं. तेवढा एक भागाकार कर. बाकी शून्य आली की लगेच कळव.

तुझा दादा