उपेक्षा जमली!

२ फेब्रुवारी, रविवार
शी! चपला काढून हॉलमध्ये शिरले आणि पहिलं दर्शन कसलं, तर पुढे बसलेल्या गृहस्थाच्या मोज्याला भोक, आणि त्यातून बाहेर आलेला अंगठा. नख पिवळं, वाढलेलं. डोळे मिटून श्वास पाहायचा होता. मी तो अंगठाच पाहत बसले.
फर्निचरच्या दुकानावरची जागा. बुद्धाबद्दल ओ की ठो माहीत नसलेल्यांसाठी वर्ग. म्हणजे माझ्यासाठीच. शिकवणाऱ्या बाई साध्या, पांढरे आखूड केस. प्रत्येकाला विचारलं, 'का आलात?' कुणाला झोप येत नाही, कुणाला राग येतो. मी म्हटलं, 'किळस येते.' सगळे हसले. हसा!
खरं तेच सांगितलं. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरून उभी असते. घरी आले की सासरे. कंबरेखालचं सगळं गेलंय त्यांचं. लघवीचं भांडं, कफाचं भांडं, पुसणं, पालटणं. मास्क लावला तर नवरा म्हणतो, 'अगं, बाबांना काय वाटेल?' मला काय वाटतं ते विचारायला हा घरात असतो कधी? कायम फिरतीवर!

४ फेब्रुवारी
पुन्हा तेच भांडण. मी म्हटलं, 'किळस येते तर येते, मी काय करू? ही गेली नाही तर मला जमणार नाही.' नवरा म्हणाला, 'मग एप्रिलपासून बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. जागा सांगून ठेवतो.' म्हणजे शेवटी वाईट कोण? मीच!
पलीकडे सासऱ्यांचा खोकला मध्येच थांबला होता. ऐकलं असणार. ऐकू दे.
पण आश्रमही नको वाटतो. तिथले म्हातारे आमच्या दवाखान्यात येतात. त्यांची तोंडं मी पाहिली आहेत. कवळी काढून धुवायलासुद्धा कुणी नसतं. सासरे तसे कटकटे नाहीत, 'सूनबाई' सोडून हाक नाही. म्हणून या वर्गाला जातेय. किळस तेवढी जाऊ दे, बस्स.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुसरा वर्ग. आज बाईंनी शरीराचे बत्तीस भाग वाचून दाखवले. केस, नखं, दात, पू, कफ, लाळ, शेंबूड, लघवी. देहाचा मोह सुटावा म्हणून यांचं चिंतन करतात म्हणे. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मला हसू आवरेना. या लोकांना किळस यावी म्हणून शिकवणी! मला घरबसल्या मिळते.
मी विचारलं, 'चिलटं मारलेली चालतात का?' सासऱ्यांच्या खोलीत हल्ली फार झालीत. बाई म्हणाल्या, 'मारायचं मग पाहू. आधी ती कुठून येतात ते पाहा ना.' हे काय उत्तर झालं? कुठून येणार? त्यांच्या अंगावरून!
शेवटी मनाच्या चार थोर अवस्था सांगितल्या. मैत्री. करुणा. मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद. आणि उपेक्षा. 'चौथी सगळ्यात अवघड,' म्हणाल्या. तेवढ्यात खाली दुकानात कपाटं सरकवायला लागले. कुणाचं कुणाला ऐकू येईना. 'चौथी पुढच्या वेळी.'
अवघड? उपेक्षा? अहो बाई, तो तर माझ्या हातचा मळ!

१८ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. सासऱ्यांच्या उशाशी टेबलावरची घंटी ठेवलीय. वाजली. गेले नाही. श्वास पाहिला. पुन्हा वाजली. श्वास. मग थांबली. मनात राग नाही, किळस नाही. काय शांत वाटलं!
नंतर गेले. भांडं उचलताना मी तोंड फिरवलेलं, त्यांनीही भिंतीकडे. तोरा तर बघा!

२५ फेब्रुवारी
घंटी फारशी वाजतच नाही. धर्मात काहीतरी आहे खरं.

२ मार्च
सडकून सर्दी. वर्गाला गेले नाही. एक बरं, वास येत नाही.

६ मार्च
सर्दी गेली, वास परत आला. कुजका. पांघरूण बदललं, फरशी पुसली, सासऱ्यांना गरम पाण्याने पुसून काढलं. वास तिथंच. चिलटं घोंघावतायत.
पण उपेक्षा जमली! आता लघवी भांड्यात जेमतेम तळाला असते. आधी माझे हेलपाटे व्हायचे. आणि पाण्याचा जग भरून ठेवते तो रिकामा होतो, म्हणजे पाणीही नीट पितात. जातं कुठे कोण जाणे. घाम येत असेल. मला काय! नवऱ्याला फोन करून सांगितलं, 'आश्रमाचं रद्द कर. जमतंय मला.' खूश झाला. मीही.

१२ मार्च
सासरे बोलत नाहीत फारसे. झोपून असतात. बोलले की जीभ टाळूला चिकटल्यासारखी. वयच झालं आता.

१६ मार्च, रविवार
लाज वाटते लिहायला.
वर्गात मीच हात वर केला. म्हटलं, 'बाई, तुमची ती अवघड चौथी मला जमली.' त्या म्हणाल्या, 'अरे वा, कशी काय?' मी ऐटीत सांगितलं. घंटी वाजली तरी उठत नाही. श्वास पाहते. सासरे आता हाकच मारत नाहीत.
कुणी हसलं नाही. मोजेवालासुद्धा नाही.
बाई हळूच म्हणाल्या, 'अहो, ती आपल्या बोलण्यातली उपेक्षा. ही तशी नाही. उप म्हणजे जवळ. ईक्षा म्हणजे पाहणं. जवळ बसून पाहायचं. आवडलं, नावडलं, दोन्ही बाजूला ठेवून.'
तोंडात मारल्यासारखं झालं. लहानपणापासून बोलतेय ही भाषा! एक शब्द विचारायला काय झालं होतं?
घरी येऊन खुर्ची ओढली आणि जवळ बसले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हटलं, 'बाबा, इकडे बघा. आ करा.' दवाखान्यात म्हणते तसंच. आणि पाहिलं. जीभ खडखडीत, मधोमध भेगा. ओठांच्या कडा फाटलेल्या. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली.
रोज परक्यांच्या तोंडात डोकावते मी! रोज!
डॉक्टरांना फोन केला, लगेच आले. सलाइन लावलं. 'आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं,' म्हणाले. 'पाणी देत नाही का तुम्ही?' मी तडकून म्हटलं, 'देते की! जग रोज रिकामा होतो.' सासरे छताकडे बघत होते.

१७ मार्च
लघवीचं भांडं भरलं. गडद, उग्र. किळस आली, नेहमीसारखीच. पण ते भरलेलं बघून मी तिथंच खाली बसले.

१८ मार्च
त्यांच्या उशाजवळच्या खिडकीतली कुंडी उचलली. शी! बुडाशी पाणीच पाणी. मुळं कुजून गेलेली, चिलटांचं मोहोळ उठलं. वास तोच. सगळा जग हे यात ओतत होते.
'बाबा, हे काय?' मी ओरडलेच. 'अहो, आश्रमाचं केव्हाच रद्द केलंय!' आणि बोलता बोलता लक्षात आलं, ते नवऱ्याला सांगितलं होतं. यांना नाही.
ते म्हणाले, 'असं होय. मी म्हटलं, एवढा एप्रिल जाऊ दे, सूनबाई. मग पिईन पोटभर.'