पंडुमच्या आधीची आंब्याची फोड

१२ मार्च

डोकं नुसतं भणभण करून राह्यलं! आज केंद्रात शिक्षण परिषद. विषय — शिक्षकानं मुलांचं ऐकावं. अन् साहेब सकाळपासून जेवणापर्यंत एकटेच बोलले! मी मधात एक शंका विचारली तं म्हणते, "शेवटी घेऊ, मॅडम." शेवटी चहा आला.

एक गोष्ट मात्र मनात टोचून राह्यली. म्हणे, प्रश्न विचारा अन् थांबा. लेकरू तोंड उघडेपर्यंत थांबा.

थांबा! अन् कोणी, तं मी! नागभीडले आई म्हणते, "रीता बोलाले लागली का कुकरबी शिट्टी देत नाई."

१३ मार्च

थांबून पाह्यली. "पावसाचं पाणी कुठी जाते?" विचारली अन् गप्प. पोट्टे माह्याकडं, मी पोट्ट्यायकडं. बोटं मोडली. खडू मोडला. बाहेर बकरी ओरडली तं बरं वाटलं — कोणी तरी बोललं! शेवटी मीच सांगतली, नदीत जाते म्हणून.

वर्ष झालं मले भामरागडच्या या बाजूले येऊन. हेच लेकरं गावात आपल्या माडिया बोलीत कशी चिवचिव करते! वर्गात आले का तोंडाले कुलूप. त्यात चवथीतली सोमारी तं विचारूच नका. गणित सगळ्यायच्या आधी करते, पाटी पुढं करते, अन् शब्द नाई. काऊन? मी काय वाघ आहो का?

१७ मार्च

सोमारीचा बाप आला होता, कोलू. आत या म्हटली तरी दारातच उभा. म्हणे, "बाई, पोरगी घरी बोलते. तुह्या शाळेत बोलत नाई. तं शाळा काय कामाची? मोहफूल वेचाले हात लागते. हा महिना पाहतो, मग काढतो."

मी त्याले शिक्षणाचं महत्त्व सांगतली. मुलगी शिकली तं काय काय होते, सगळं सांगतली. घसा बसला. त्यानं शांतपणे ऐकलं अन् निघून गेला.

जेवण गेलं नाई. एवढी हुशार पोट्टी माह्या हातून गेली तं मी कायची मास्तरीण?

२० मार्च

रोज थांबून राह्यली. कोणी बोलत नाई.

२४ मार्च

युक्ती सुचली! शाळेमागच्या आंब्याले कैऱ्या लागल्या. दोन-चार तोडल्या, फोडी केल्या, तिखट-मीठ लावली. म्हटली, कैरी पाहून तोंडाले पाणी सुटते, तं बोलबी सुटन.

ताटली पुढं ठेवली. कोणी हात लावीना. "खा ना रे, लाजता काऊन!" सगळे खाली मान घालून. अन् मग — सोमारी उभी राह्यली! "बाई, मरका पंडुम..."

बाप्पा बाप्पा! वर्षात पहिला शब्द! मी जागेवरून उडालीच. "मरका! मरका म्हणजे आंबा! शाब्बास सोमारी! टाळ्या वाजवा रे!" ती आणखी काही म्हणत होती, "हिल्ले बाई, हिल्ले," असं. म्हणजे नको नको. म्हटली, लाजून राह्यली. एक फोड घेतली अन् माह्या हातानं तिच्या तोंडात घातली. तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् गिळली.

बोलली! सोमारी बोलली! आज माहे पाय जमिनीवर नाई.

२५ मार्च

एकबी पोट्टं आलं नाई. खिचडी तशीच. आजूबाजूले लग्न आहे का काय? कोणाले विचारू?

२६ मार्च

कोलू आला. आवाज चढवला नाई त्यानं, अन् त्याचंच भेव वाटलं.

मरका पंडुम म्हणजे आंब्याचा सण. तो झाल्याबिगर नवा आंबा कोणी तोंडात घालत नाई. पहिला देवाचा, मग माणसायचा. आधी खाल्ला तं साऱ्या गावाले तरास, असं ते मानते. अन् मी भरवली! तेबी देवाच्या आधी, लेकराले!

"पोरीनं तुले सांगतलं, बाई."

अवो माय! सांगतच तं होती! मी टाळ्या वाजवून राह्यली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटलं.

"तिची शाळा झाली आता. उद्या गाव बसते." मी विचारली, येऊ का? म्हणे, "ये. पण बोलू नको."

२७ मार्च

आत्ताच आली.

गाव मोहाच्या झाडाखाली बसला होता. त्यायची बोलायची रीत पाह्यली. एक जण बोलते, बाकीचे चूप. त्याचं संपलं तरी चूप. त्याले आणखी काही आठवलं तं? म्हणून थांबते! मग दुसरा. एवढ्या वेळात मी चार भाषणं दिली असती. ओढणीचं टोक दातात धरून बसली. माडिया मले दोन-चार शब्दायपलीकडं समजत नाई, तरी कान देऊन ऐकली.

मग पेरमानं, देवाचं पाहणाऱ्या म्हाताऱ्यानं, सोमारीले विचारलं. अन् ती बोलली! धडाधडा बोलली, न अडखळता! हीच का माही मुकी पोट्टी? तिचं झालं तसे सगळे माह्याकडं पाहाले लागले. रागानं नाई. एक म्हातारी तं उठून आली अन् माह्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मले रडूच आलं.

कोलू म्हणाला, "झालं, बाई. पंडुमले एक कोंबडा दे. पोरगी शाळेत येईन."

जिंकली! जन्मात पहिल्यांदा गप्प बसली अन् जिंकली! पुढच्या परिषदेत साहेबाले हे सांगतोच मी. ऐकणं म्हणजे काय, ते मले विचारा म्हणावं.

२८ मार्च

सोमारी आली. सरळ माह्याजवळ. टाचा उंच करून माह्या कानाले तोंड लावलं अन् जोरात ओरडली — "बाई, भिऊ नको! मी गावाले सांगतली, बाईले ऐकू येत नाई. पहिले आमी लय बोललो, तुले ऐकूच येत नव्हतं, म्हणून सोडलो. बहिऱ्या माणसाचा काय कसूर?"

मागं सगळे पोट्टे माना हलवून राह्यले होते. किती मायेनं!

माहे कान ठणठणीत आहे. हे आता यायले कोणत्या तोंडानं सांगू?