रस्ता ओलांडलेले शिपाई

प्रिय मयूरा,

तुझा युनिफॉर्ममधला फोटो पाहिला. फार बारीक दिसतेस. जेवतेस ना नीट? एकाच शहरात असून लेकीला डबा पाठवता येत नाही, याचा मला भयंकर राग येतो. कुणाचा ते विचारू नकोस. लॉकडाउनचा म्हण.

इथे टूनगॅबीत सगळं ठीक. बाबांच्या बसडेपोत कोरोनाची केस निघाली, म्हणून ते घरातच आयसोलेट आहेत आणि माझं डोकं खातायत. तुझं नाव मात्र काढत नाहीत. तू आर्मी रिझर्व्हमध्ये गेलीस तेव्हा शेजारच्या पेंडल हिलभर पेढे वाटणारा हाच माणूस! पण तुमची तुकडी पोलिसांबरोबर आपल्याच वेस्टर्न सिडनीत दारं ठोठावायला आली आणि त्यांचं बिनसलं. तिकडे बीचजवळच्या श्रीमंत वस्त्यांना मोकळीक आणि आमच्या दारात लष्कर, हे त्यांना खुपतं. राग सरकारचा, निघतो तुझ्यावर. वड्याचं तेल वांग्यावर.

गेल्या आठवड्यात डायनिंग टेबलावरून मी नववीच्या मुलांना ऑनलाइन हिस्टरी शिकवत होते. विषय अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांचा उठाव, १७८६. स्वातंत्र्यासाठी लढून घरी आलेली माणसं. हातात नाणं नाही, वर कर, कर्ज, आणि कोर्ट जमिनी काढून घेतंय. मग त्यांनी ठरवलं, कोर्टच भरू द्यायचं नाही. एका गावी त्यांना हटवायला मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचीच फौज बोलावली; सगळे त्यांचेच शेजारीपाजारी. कोर्ट भरावं असं वाटतं त्यांनी रस्त्याच्या एका बाजूला जा, नको त्यांनी दुसऱ्या, असं ठरलं. बहुतेक शिपाई सरळ शेतकऱ्यांच्या बाजूला गेले. तिकडे कांदा चिरणाऱ्या बाबांनी ‘शाब्बास!’ अशी आरोळी ठोकली की अख्खा वर्ग हसला. मी म्यूटवर नव्हते ना!

पुढचं मी त्यांना जेवताना सांगितलं. हिवाळ्यात तोफ चालली, शेतकरी मेले, उरलेले बर्फातून पळाले. नंतर बहुतेकांना माफी मिळाली. बंदूक उचलणारे आणि ज्यांच्यावर उचलली ते, पुन्हा त्याच गावांत राहायला लागले. पहिल्यांदा कोण कुणाशी बोललं असेल, असं मी सहज म्हटलं. सहज कसलं, मुद्दामच. बाबा ताट उचलून आत गेले.

परवा पोलिसाबरोबर एक सैनिक मुलगी फाटकाशी आली, बाबा घरात आहेत का ते बघायला. मास्कवर नुसते डोळे, पण तुझ्याच वयाची असणार. पलीकडच्या घरातून कुणीतरी तिला घाण शिवी हासडली. ती आपली मान खाली घालून बाबांना विचारत राहिली, सर, ग्रोसरी पुरेशी आहे ना? बाबांनी दारातूनच त्या शेजाऱ्याला मराठीत असा झापला की बास. बिचाऱ्याला अक्षर कळलं नसेल. मग मला म्हणाले, पोरीला चहा कर. तिला नियमाने घेता येईना. ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, मयूरालाही असंच बोलत असतील का गं? आणि रडले. मीही रडले.

काल तुझा मेसेज आला, बाबांचा कॉल चुकून लागला होता का म्हणून. चुकून नाही, मयू. आधी दोनदा लावून लगेच कापला, मी दाराआडून बघत होते. तिसऱ्यांदा वाजू दिला, आणि तू ड्यूटीवर होतीस. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर त्यांनी माझ्या फोनमध्ये डोकावून वाचलं असतं आणि पुन्हा ताठले असते, म्हणून हे पत्र. आता त्यांचा धीर संपलाय. तू लाव. काही समजवायला जाऊ नकोस, नुसतं जेवलात का विचार.

तुझीच,
आई