पाहुण्याने पाडलेलं सरकार

कटलर्स नॉच, व्हरमाँट
मार्च, चिखलाचे दिवस

ती. लुसिंडाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. फ्लोरिडाचं ऊन तुझ्या गुडघ्यांना मानवतंय ना? भाऊजींचा खोकला कसा आहे? (त्यांना म्हणावं, आधी तो सिगार सोडा.) इकडे आम्ही धडधाकट आहोत. बर्फ वितळतोय, रस्त्यांचा राडा झालाय, आणि मी पदावरून गेलोय.

हो, बरोबर वाचलंस. बाबांच्या मागे सव्वीस वर्षं गावसभेचा अध्यक्ष म्हणून हातोडा आपटला, तो या मंगळवारी हातातून गेला. आणि घालवला कुणी? आमच्याच घरी महिनाभर जेवणाऱ्या पाहुण्याने! हे प्रोफेसर ओवेलार पराग्वेचे. अमेरिकेत सरकारच्या सत्तेला लगाम कोण घालतं, याचा अभ्यास करायला आलेत. वॉशिंग्टन पाहून झालं, तिथे म्हणे लगाम काही सापडेना, म्हणून कुणीतरी त्यांना आमच्या गावाकडे धाडलं. मीच उत्साहाने म्हटलं, हॉटेल कशाला, आमच्याकडेच उतरा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तसा माणूस लाघवी आहे हं. सकाळी धातूच्या नळीने कसल्याशा कडू पाल्याचा काढा ओढतो, आणि आमच्या सौ. डोरकसलाही त्याने ती सवय लावलीय. (दोघं शेगडीपाशी बसून नळी फिरवतात, मी आपला कोपऱ्यात कॉफी पितो.)

सभेचा पहिला विषय तुला ठाऊकच आहे: अध्यक्षाची निवड. कुणीतरी माझं नाव घ्यायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, की मंडळी नव्या ट्रकवरून भांडायला मोकळी. यंदा मध्येच प्रोफेसरांनी हात वर केला. आता बाहेरच्या माणसाला बोलू द्यायचं तर आधी सभेची मंजुरी हवी. त्यावरच अर्धी सकाळ गेली. काही म्हणे, पाहुणा आहे, बोलू दे बिचाऱ्याला. काही म्हणे, फ्लोरिडाला पळालेल्यांना आपण बोलू देत नाही (हा टोमणा तुला होता, ताई), मग पराग्वेवाल्याचे एवढे लाड कशाला? शेवटी हात मोजले आणि मंजुरी मिळाली. प्रोफेसर तर गहिवरलेच. म्हणाले, "माझ्या देशात सरकार बोलायचं आणि लोक खाली मान घालून ऐकायचे. इथे सरकार टेबलामागे खाली मान घालून बसलंय आणि लोक त्याला झापतायत. धन्य आहात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही मान तुकवली. मग ते अगदी नम्रपणे म्हणाले, "एकच शंका. नाव एकच आहे का? आमच्याकडेही एक गृहस्थ होते. त्यांच्याविरुद्धही वर्षानुवर्षं कुणी उभं राहत नसे."

आधी सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि पाठोपाठ अख्खं सभागृह. मी हातोडा आपटला. आपटायला नको होता, लोक आणखीच हसले. तेवढ्यात इनॉस व्हिटकोम उठला. (कुंपणाच्या भांडणापासून हा शेजारी माझ्यावर दात खाऊनच आहे.) म्हणाला, "मी डोरकसचं नाव सुचवतो. जी हार्लनला घरात गप्प बसवते, तिला आम्ही काय जड आहोत?" मला वाटलं, ती लाजून नाही म्हणेल. बाईसाहेब विणकामातून मानही वर न काढता म्हणाल्या, "चालेल."

चिठ्ठ्या पेटीत पडल्या, मोजल्या गेल्या, आणि मी एका मताने आपटलो.

एकच समाधान होतं. अध्यक्षाला स्वतःचं मत मांडता येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं मी तोंड शिवून बसलो होतो. दुपारी आमच्याच टेकडीच्या रस्त्यावरचा बर्फ काढणं बंद करण्याचा ठराव आला. म्हटलं, आता दाखवतो! बाह्या सरसावून उभा राहिलो. पहिल्या वाक्याला हातोडा: "अध्यक्षांकडे पाहून बोला." दुसऱ्याला: "मुद्द्यावर या." तिसऱ्याला: "बसा!" (बसा म्हणे! घरात मला कधी अहोजाहो केलं नाही तिने.) मी बसलो, आणि ठराव फेटाळला गेला. रस्ता वाचला तो डोरकसच्या खमकेपणामुळे, असं गावात बोलतात. माझी तीन वाक्यं कुणाच्या लक्षातही नाहीत.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा पदच्युत भाऊ,
हार्लन

ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. पुढच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोरकसला फ्लोरिडाला बोलावून घे. फार नको, गावसभेचा मंगळवार उलटला की पाठवून दे. मी सुचवलं हे बोलू नकोस.

ता.क. २. छे, वरचं राहू दे. हातोडा हातात घेताना तिचे कान लाल झाले होते, लग्नाच्या दिवशी झाले होते तसे. फार गोड दिसत होती गं. आणि तुला म्हणून सांगतो, चिठ्ठीवर मी तिचंच नाव लिहिलं होतं. म्हटलं, अख्ख्या गावासमोर बिचारीला एकट्या इनॉसचंच मत पडलं तर कसं दिसेल? निदान घरचं एक तरी पडावं. हे तिला मात्र कळू देऊ नकोस. मंगळवारपासून ती माझ्याशी बोलत नाहीये. तिची पक्की समजूत झालीय की नवऱ्याने स्वतःलाच मत देऊन दगा दिला, पण गावाने तारलं.