गोदाक्काची तीन स्वप्नं आणि आमच्या घरातली बाकीची

ता. ८ सप्टें. १९६३, रविवार. पोलादपूर.
महाडहून परत. एस.टी.त उभ्याने. शिकवणीच्या बाईंनी निबंध परत दिला. "सुमन, तू नाटकाची गोष्ट सांगितलीस. गोष्ट मला ठाऊक आहे. तुझं मत कुठाय?" मत नव्हतंच. त्यांच्या ओटीवर आम्ही चौघी लग्न झालेल्या मॅट्रिकची तयारी करतो, चौघींनाही हेच ऐकावं लागलं. नवा विषय: 'गोदाक्काची स्वप्ने: दैवी संकेत की कावा? एक बाजू घेऊन साधार मांडा.' हा जमला तर मार्चात परीक्षेला बसवणार.
एक बाजू घ्यायची म्हणे. लग्नाला चार वर्षं झाली, भाजीत मीठ किती यावरसुद्धा अजून बाजू घेतलेली नाही.

ता. १०
नाटक पुन्हा वाचलं, आमटी लागली. गोदाक्का म्हणजे भावाच्या घरी राहणारी विधवा बहीण. तीन अंक, तीन स्वप्नं. पहिल्यात बांधावर नाग, म्हणून भाऊ शेत विकत नाही. दुसऱ्यात मेलेला बाप पाणी मागतो, म्हणून परसात विहीर. तिसऱ्यात भाचीच्या मांडवाला आग, लग्न मोडतं. शेवटी भाऊ विचारतो, "अक्का, खरंच पडली का गं ही स्वप्नं?" ती हसते, पडदा.
सासूबाई जवळ येऊन बसल्या. "काय वाचतेस गो?" मोठ्याने वाचून दाखवलं. तांदूळ निवडायचे थांबल्या. "मंग? इकलं का शेत?"
"नाही विकलं."
"शानी हाय बाई!"

यापुढे सासूबाईंचा उल्लेख इथे आ.बा. असा. (आत्याबाई. वही कुणाच्या हाती लागली तर.)

ता. १२
सकाळी चहाला आ.बा. म्हणाल्या, देवी आली होती सपनात. म्हणाली, म्हस दारातनं जाऊ देऊ नको.
मामंजी आजच म्हैस विकणार होते. वरंधचा माणूस न्यायला येणार होता.
मामंजी: "मी म्हस इकतोय ह्ये देवीला कुनी सांगितलं?"
आ.बा.: "तिला सांगाया लागतंय?"
मला ठसका लागला. चहा नाकात. आ.बा.नी पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. वरंधचा माणूस आला, चहा पिऊन गेला. म्हैस गोठ्यात रवंथ करतेय.
दुपारी एका बैठकीत दोन पानं झाली. बाजू सापडली. कावा!

ता. १६
निबंध धावतोय. गोदाक्काला स्वप्न पडतं ते नेमकं निर्णयाच्या आदल्या रात्री. जे तिला नको त्याविरुद्धच पडतं. भाऊ परगावी असला की आठवडेच्या आठवडे गाढ झोप, एक स्वप्न नाही. हा मुद्दा फार झकास.
पुरावे नाटकात कमी पडतात तिथे घरात मिळतात. स्वयंपाकघरावर पत्रे चढले ते स्वप्नाने. वन्संचं घाटावरचं स्थळ मोडलं तेही. आज घोटाळा झाला, 'गोदाक्काचे शेत' लिहायच्या जागी 'आत्याबाईंची म्हैस' लिहून बसले. खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं. पान चुलीत.

ता. १९
निबंध यांना दुकानात वाचून दाखवला. हे झंपर बेतत होते, तोंडात टाचण्या. आधी हसले, मग टाचण्या काढून ठेवल्या. "हे आईपुढं वाचू नकोस."
"तुम्हाला पटतं ना पण?"
"पटतं गं. पण मग आपलं लग्न?"
"त्याचं काय?"
तेव्हा कळलं. उमरठचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मामंजींचा शब्दही गेला होता, त्यांची शेती मोठी. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी आ.बा.ना स्वप्न पडलं, देवीने वरंधकडे, माझ्या माहेराकडे बोट केलं. म्हणून मी.
यांनी शिलाई मशीन सुरू केलं, मी घरी आले. म्हणजे मी पण म्हैसच.

ता. २०
निबंधाला हात लावला नाही. भाकरी जाड झाल्या. मामंजी म्हणाले, आज काय झालंय हिला.

ता. २१
आ.बा. नि मी माठाची भाजी निवडत होतो. विचारलंच. "आत्याबाई, माझं स्वप्न काय होतं?"
"कंचं?"
"वरंधचं."
हात थांबला नाही. "तुला बघाया आलो, तवा तुज्या हातात पेढ्याचा पुडा दिला. तू पेढे बाजूला ठेवलेस नि पुड्याचा कागद वाचाया लागलीस. तुजी आई डोळे वटारतेय, तुजं लक्षच नाय. म्हटलं ही पोर आपल्याला होवी."
"मग तसंच मामंजींना सांगायचं."
"काय सांगू? पोर कागद वाचते? ह्यांना जमीन दिसत होती. माजं कोन ऐकतंय गो? देवीचं ऐकतात."
"म्हणजे स्वप्न पडलंच नव्हतं?"
रागावल्या. "पडलं का नाय! कदी आपसूक पडतं, कदी पाडाया लागतं. तो देठ टाक, आळी हाय त्यावर."
आता काय लिहू? कावा म्हणू तर...

ता. २२, रविवार
पहाटे उठून तिसरं पान नवीन लिहिलं. घरात जिचं कुणी ऐकत नाही तिने बोलायचं कुठल्या तोंडाने, असं काहीतरी. तसंच घेऊन महाडला.
बाईंनी तिथेच वाचला. "पहिल्या पानावर गोदाक्का लबाड, तिसऱ्या पानावर शहाणी. मध्ये काय झालं?"
माठ निवडला, असं कसं सांगणार?
"पुन्हा लिही," म्हणाल्या. मग चष्मा काढून, "तिसरं पान मात्र तुझं आहे." आणि परीक्षेचा अर्ज हातात दिला! परीक्षेचे दिवस त्यांच्याकडे राहायचं. घरून परवानगी आण म्हणाल्या. येताना एस.टी.त जागा मिळाली, पण बसवेना.

ता. २४
हे बोलले मामंजींशी. म्हणजे पंचा खांद्यावर घेऊन दोनदा पुढे मागे झाले आणि मग बोलले. मामंजी: "सून म्हाडात आठ दिवस दुसऱ्याच्या घरी? नाय." झालं. हे दुकानात पळाले.
आ.बा. संध्याकाळी जेवून लवकर आडव्या झाल्या. मी ओळखलं. लाज वाटली, आणि आनंदही झाला.

ता. २५
आजचा चहा जसाच्या तसा लिहून ठेवते.
चहाला आ.बा. म्हणाल्या, "देवी आली हुती. सूनबायच्या हातात पोथी देत हुती."
मामंजींनी बशी खाली ठेवली. "मलाबी पडलं सपान."
आम्ही तिघं बघतच राहिलो.
"देवी म्हनाली, सून घरातच ऱ्हाऊ दे."
आ.बा.चं तोंड उघडं. मग सावरल्या. "तुमच्याशी बोलली देवी? माज्याशी एवढ्या वर्सांत फकस्त म्हशीच्या टायमाला बोलली. एरवी नुसता हात करते."
"माज्याशी बोलली."
"लुगडं कंच्या रंगाचं हुतं?"
मामंजी अडले. "...हिरवं."
"हिरवं!" आ.बा. माझ्याकडे वळल्या. "हिरवं म्हनतात!"
"का, देवीला हिरवं चालत नाय?"
आता देवीच्या लुगड्यावरून भांडण. हे चहात बोट बुडवून बसलेले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, मला काही स्वप्न पडलं नाही. मला परीक्षेला बसायचंय."
एवढं मोठं वाक्य त्यांच्यासमोर मी कधी बोललेच नव्हते. मामंजी माझ्याकडे बघत राहिले, दावणीची म्हैस अचानक बोलावी तसे. मग इरलं घेऊन शेतावर गेले. पाऊस नव्हता.

ता. २६
आ.बा. माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी एवढंच म्हणाल्या, "जरा दम धरायचा व्हता. हिरव्यावर मी त्यांना धरलंच व्हतं."
निबंध पुन्हा सुरू. आता दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. गोदाक्काने भावाला सरळ सांगितलं असतं तर? तर नाटक पहिल्या अंकातच संपलं असतं. आणि शेतही गेलं असतं, बहुतेक.

ता. २८
रात्री जेवताना मामंजींनी विचारलं, "मार्चात कदी?"
तारखा सांगितल्या.
"तवा भाताच्या वाफ्यात राब भाजायचा असतो, हात लागतात." एवढं बोलून हात धुवायला गेले. आ.बा.नी यांच्याकडे पाहिलं, यांनी ताटाकडे.
हात पुसत दारातून परत आले. "त्या मास्तरीनबाय," म्हणाले, "त्यांच्या घरात कोन कोन असतं?"
सांगितलं. एक म्हातारे वडील आणि मांजर.
"हूं," म्हणाले, आणि झोपायला गेले.